एकगठ्ठा मंजूर

कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा काउंटीच्या (काउंटी म्हणजे साधारण जिल्हा) बोर्ड ऑफ सुपरवायझर्सची, म्हणजे निवडून आलेल्या कारभारी मंडळाची, नियमित बैठक मंगळवारी सकाळी भरते. विषयपत्रिका किमान ७२ तास आधी लोकांसमोर यायलाच हवी असा कॅलिफोर्नियाचा कायदा आहे, त्यामुळे शनिवारी सकाळच्या आत ती वेबसाइटवर आलेली असते. पहिल्यांदा उघडली तेव्हा मी नुसती खाली खाली जात राहिले. रस्त्याच्या डागडुजीचा ठेका, रुग्णालयासाठी यंत्रखरेदी, एका खात्यातून दुसऱ्या खात्यात वळवलेली रक्कम, मागच्या बैठकीचं इतिवृत्त, कुठल्या तरी समितीवर कुणाची तरी नेमणूक. संपता संपेना. यातले बहुतेक विषय ‘कन्सेंट कॅलेंडर’ या मथळ्याखाली असतात. ज्यावर कुणाचा वाद नाही असे विषय एका गठ्ठ्यात बांधायचे आणि एकाच मतदानात मंजूर करायचे, अशी ती पद्धत. एखाद्या सुपरवायझरला एखाद्या विषयावर बोलायचं असेल तर तेवढा विषय गठ्ठ्यातून बाहेर काढतात. बाकीच्यांना सूचक, अनुमोदक, पाच मतं, मंजूर.

आमच्या शेजारच्या काकूंचं दुपारचं जेवण याच गठ्ठ्यातून येतं हे मला कळलं, आणि तिथून मी या कामात शिरले.

काउंटी म्हणजे काय, हे इथे वर्षानुवर्षं राहणाऱ्या आपल्या मंडळींनाही पुरतं ठाऊक नसतं. सनीवेल, क्युपर्टिनो, सॅन होजे ही शहरं माहीत असतात. वॉशिंग्टनमध्ये काय चाललंय यावर तासन् तास बोलता येतं. काउंटीशी गाठ पडते ती मालमत्ता कराच्या बिलापुरती, डिसेंबर आणि एप्रिलच्या १० तारखेला. खरं तर लग्नाचं लायसन्स काउंटी देते, मतदानाची सगळी व्यवस्था काउंटी करते, सार्वजनिक रुग्णालयं आणि तुरुंग काउंटी चालवते, आणि ज्या लॉरेन्स एक्स्प्रेसवेवरून आपण रोज कामाला जातो तो रस्ताही शहराचा नसून काउंटीचा आहे. १८५० साली कॅलिफोर्नियात ज्या पहिल्या काउंट्या आखल्या गेल्या त्यांतली ही एक. आज तिच्यात १५ शहरं, साधारण १९ लाख माणसं, २२,००० हून अधिक कर्मचारी आणि १३ अब्ज डॉलरच्या पुढचं अंदाजपत्रक आहे. या सगळ्यावर निवडून आलेले सुपरवायझर किती, तर पाच. प्रत्येक विभागातून एक, मुदत चार वर्षांची.

माझे बाबा सांगली जिल्हा परिषदेत लिपिक होते. सर्वसाधारण सभेच्या आदल्या रात्री ते घरी विषयपत्रिकेच्या प्रती लावत बसायचे आणि मी टाचण्या पुरवायची. ठराव, सूचक, अनुमोदक, गणसंख्या हे शब्द माझ्या कानावर शाळेत जाण्याआधी पडलेले. त्यामुळे या कागदांचा मला कंटाळा येत नाही. उलट, कुणाला ते रटाळ वाटले की मला मनापासून वाईट वाटतं. त्यांत माणसं असतात.

काकू मूळच्या कऱ्हाडच्या. मुलगा-सून दोघंही नोकरीत. काका गेल्यावर त्या इथे कायमच्या आल्या. आठवड्यातले काही दिवस त्या ज्येष्ठांच्या भोजनकेंद्रावर जेवायला जातात आणि माझी सुट्टी असली की मी त्यांना सोडते. ही केंद्रं काउंटीच्या सीनियर न्यूट्रिशन प्रोग्रॅमची. मुळात १९६५ च्या ‘ओल्डर अमेरिकन्स अ‍ॅक्ट’ या केंद्रीय कायद्याखाली अशी भोजनं देशभर दिली जातात. वयाची ६० वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही जेवता येतं. दारात एक बंद पेटी असते, बाजूला ऐच्छिक रकमेचा फलक. कुणी किती टाकलं, टाकलं की नाही, हे कुणी बघत नाही आणि पैसे नाहीत म्हणून कुणाला परत पाठवायचं नाही, असा कायदाच आहे. मला त्या पेटीचं फार कौतुक वाटतं. मिंधेपणा वाटू न देता माणसाला जेवू घालायची ही रीत कुणीतरी विचार करून कायद्यात लिहून ठेवली आहे.

ताटात त्या दिवशी भात, मुगाचं वरण, दुधीची भाजी, पोळी, संत्र्याच्या फोडी आणि दुधाचा छोटा डबा होता. काकू पोळीचा तुकडा मोडत म्हणाल्या, “अगं, हे कोण देतं गं आपल्याला?” मला सांगता आलं नाही. केंद्र सांभाळणाऱ्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या की पैसे काही केंद्र सरकारचे, काही राज्याचे, बरेचसे काउंटीचे. करार आर्थिक वर्षाला बांधलेले असतात, ३० जूनला संपतात आणि त्याआधी बोर्डासमोर जातात.

घरी येऊन मी जुन्या विषयपत्रिकांत तो विषय शोधला. प्रत्येक विषयामागे खात्याची एक टिप्पणी जोडलेली असते. ती मी अथपासून इतिपर्यंत वाचली. भाषा एकदम साचेबंद: काउंटी एक्झिक्युटिव्ह (काउंटीचे मुख्य प्रशासक) किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याला करार करण्याचे, बदलण्याचे आणि संपवण्याचे अधिकार द्यावेत, कराराचा मसुदा कायदेशीर असल्याची खात्री काउंटीच्या वकिलांनी आधी करावी, हे अधिकार अमुक तारखेला आपोआप संपतील. मग खर्चाचा हिशेब. मग शिफारशीची कारणं. आणि त्यानंतर दोन मथळे, जे मला आमच्याकडच्या कागदात कधी दिसले नव्हते. मुलांवर काय परिणाम होईल, आणि ज्येष्ठांवर काय परिणाम होईल. रस्त्याचा ठेका असो की संगणकखरेदी, प्रत्येक टिप्पणीत या दोन प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात. शेवटाकडे आणखी एक मथळा येतो: बोर्डाने नकार दिला तर काय होईल. भोजनाच्या विषयाखाली तिथे साध्या शब्दांत अर्थ होता की जेवणं थांबतील.

काकूंना मी ते वाचून दाखवलं. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “म्हणजे दरवर्षी कुणीतरी हात वर करतं तेव्हा आपल्याला वरण मिळतं.”

मला आत जाऊन बघायचं होतं. काउंटीच्या कितीतरी सल्लागार समित्या आणि आयोग आहेत: ग्रंथालयं, उद्यानं, मानसिक आरोग्य, महिला, ज्येष्ठ. त्यांवर सामान्य नागरिक नेमले जातात. कोणत्या जागा रिकाम्या होणार हे गुलदस्त्यात राहू नये म्हणून कॅलिफोर्नियात १९७५ पासून ‘मॅडी अ‍ॅक्ट’ आहे. पुढच्या वर्षी कुणाची मुदत संपते, त्या जागेसाठी पात्रता काय, याची यादी प्रत्येक काउंटीने आणि शहराने ३१ डिसेंबरपर्यंत जाहीर करायची. मी ती यादी चहा पिता पिता वाचली. ज्येष्ठांच्या प्रश्नांवर सल्ला देणाऱ्या एका समितीत आमच्या विभागाची जागा होती.

मी तेव्हा ग्रीन कार्डवर होते. नागरिकत्व नाही म्हणून दार बंद असेल असं मला वाटत होतं, आणि आपल्यातले बहुतेक जण इथेच थांबतात. पण २०१९ मध्ये राज्याने कायदा केला की राज्यात राहणाऱ्या १८ वर्षांवरच्या कुणालाही, नागरिकत्व असो वा नसो, नेमणुकीच्या पदावर बसता येईल. मतदान करता येत नसेल, निवडणूक लढवता येत नसेल, तरी समितीवर बसून सल्ला देता येतो. हे मी भेटेल त्याला सांगते. कितीतरी हुशार, अनुभवी माणसं इथे ‘आपलं काय काम’ म्हणून बाजूला उभी आहेत.

अर्ज भरला. का यायचंय या प्रश्नापुढे भोजनकेंद्राबद्दल लिहिलं. काही आठवड्यांनी सुपरवायझरच्या कार्यालयातून फोन आला आणि त्यांच्या सहायकाशी भेट झाली. वयाने माझ्याहून लहान मुलगा, हातात वही. त्याने विचारलेलं एकच लक्षात आहे: “तुम्ही तुमच्या समाजासाठी बोलाल की सगळ्या ज्येष्ठांसाठी?” मी म्हटलं, आमच्या काकूंच्या टेबलावर एक व्हिएतनामी आजी आणि एक मेक्सिकन आजोबा बसतात. तिघांना एकमेकांची भाषा येत नाही, पण एक जण आला नाही तर बाकीचे दोघे दाराकडे बघत राहतात. त्याने ते वहीत लिहून घेतलं.

माझी नेमणूक कन्सेंट कॅलेंडरमध्येच आली. एका ओळीत माझं नाव, समितीचं नाव, मुदत संपण्याची तारीख. त्या मंगळवारी मी रजा काढून सॅन होजेला वेस्ट हेडिंग स्ट्रीटवरच्या काउंटी इमारतीत गेले. काही गौरवपत्रं झाली, फोटो झाले. मग विषयपत्रिकेत नसलेल्या गोष्टींवर लोकांनी बोलायची वेळ आली. एक वयस्क गृहस्थ आपल्या घरासमोरच्या पाणी साचण्याबद्दल पोटतिडकीने बोलले. समोर पाचही जण शांत. ते गृहस्थ खाली उतरताना फार खट्टू दिसत होते, म्हणून हे मुद्दाम लिहिते: बोर्डाला तिथे चर्चेत शिरायची मनाई असते. जो विषय पत्रिकेवर नाही त्यावर चर्चा करायची नाही, निर्णय घ्यायचा नाही, कारण ज्यांना त्या विषयात रस आहे त्यांना आधी कळवलेलंच नसतं. फार तर थोडक्यात उत्तर देता येतं, एखादा खुलासा करता येतो किंवा अधिकाऱ्यांना बघायला सांगता येतं. गृहस्थ दारापर्यंत पोचायच्या आत एक कर्मचारी बाई उठून त्यांच्यामागे गेल्या आणि बाहेर बाकावर त्यांच्याशेजारी बसून पत्ता लिहून घेऊ लागल्या. काम असं बाकावर होतं. सभागृहातली शांतता बघून निराश होऊन जाऊ नये.

मग कन्सेंट कॅलेंडर. एवढे सगळे विषय, कोट्यवधी डॉलर, आणि त्यांतच माझं नाव. काही सेकंदांत झालं.

बोर्डाच्या क्लार्कसमोर उजवा हात वर करून शपथ घेतली, राज्याच्या घटनेत लिहिलेली, शब्दाला शब्द. त्यानंतर नीतिनियमांचं दोन तासांचं ऑनलाइन प्रशिक्षण. त्यात सर्वांत जास्त वेळ गेला तो ‘ब्राउन अ‍ॅक्ट’वर, आणि या कायद्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथलं रोजचं कामकाज त्याच्यावर उभं आहे.

१९५२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका वृत्तपत्राने स्थानिक मंडळं आणि परिषदा लोकांना न कळवता कशा गुपचूप बैठका घेतात यावर लेखमाला चालवली. पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, मोडेस्टोचे आमदार राल्फ ब्राउन यांचा कायदा आला. त्याच्या प्रस्तावनेतच म्हटलंय की लोकांनी आपलं सार्वभौमत्व आपल्या सेवेसाठी नेमलेल्या संस्थांना देऊन टाकलेलं नाही. पुढची सगळी कलमं या एका वाक्यातून निघतात. बैठक उघड्यावर हवी. विषय आधी जाहीर हवेत. सदस्यांना दिलेले कागद लोकांनाही मिळायला हवेत. मतदानाआधी लोकांना बोलू द्यायला हवं. दाराआड फक्त ठरावीक विषय: कोर्टातले दावे, कर्मचाऱ्यांच्या नेमणुका, वेतनाच्या वाटाघाटी, जमिनीचे व्यवहार असे काही. बैठकीला येणाऱ्याला दारात नाव लिहायची सक्ती करता येत नाही. आणि बहुसंख्य सदस्यांनी बैठकीबाहेर एकमेकांशी समितीच्या विषयावर बोलायचं नाही, फोनवर नाही, ईमेलवर नाही, तिसऱ्याच्या मार्फतही नाही. आमच्या छोट्याशा सल्लागार समितीलाही हे सगळं लागू. समितीच्या सेक्रेटरी विषयपत्रिका पाठवताना सगळ्यांचे पत्ते झाकून पाठवतात, म्हणजे चुकूनही कुणी ‘सर्वांना उत्तर’ दाबलं तर ईमेलवरच बैठक भरायला नको. पार्किंगमध्ये दोन सदस्य बोलत उभे असले तरी बाकीचे हात हलवून पुढे निघून जातात. सुरुवातीला मला हे अवघडल्यासारखं व्हायचं. आता वाटतं, जे बोलायचं ते सगळ्यांसमोर बोलायची सवय लागली की माणूस नीट विचार करून बोलतो.

समितीच्या बैठका शांत असतात. हजेरी, गणसंख्या, मागचं इतिवृत्त, खात्याचा अहवाल, सदस्यांचे विषय. इतिवृत्तात कुणी तटस्थ राहिलं तर तेही नावानिशी लिहितात. आमच्यातले एक निवृत्त बसचालक आहेत, एक परिचारिका होत्या, एक जण पूर्वी चर्चच्या स्वयंपाकघराची व्यवस्था बघायचे. जेवणाच्या तक्त्याचा अहवाल आला की या तिसऱ्या सदस्यांचे प्रश्न ऐकण्यासारखे असतात. भाजी किती वाजता शिजते, किती वाजता वाढली जाते, मधल्या वेळात डबा किती तापमानाला राहतो. मी त्यांच्याकडून प्रश्न विचारायला शिकले.

लोणच्याचा विषय मीच काढला होता. आमच्या केंद्रावरच्या जवळजवळ प्रत्येक भारतीय आजीची ही मागणी. आहारतज्ज्ञ बाईंनी शांतपणे समजावलं की या कार्यक्रमातल्या प्रत्येक जेवणातून दिवसाच्या पोषणगरजेचा किमान एक तृतीयांश भाग मिळावा लागतो आणि मिठावर बारीक नजर ठेवावी लागते. लोणच्याची एक फोड आली की मिठाचा सगळा हिशेब कोलमडतो. त्यांच्यापुढे तक्ता होता, त्यात पोळीतल्या मिठाचासुद्धा आकडा होता. तेव्हा मी विचारलं, जेवणाऱ्यांना काय आवडतं, काय चालतं, हे विचारता कसं? लेखी फॉर्म असतो, त्या म्हणाल्या, आणि बऱ्याच भाषांत असतो. मराठी फॉर्म असेल अशी अपेक्षाही नव्हती. पण मला काकू आठवल्या. त्या आकड्यांवर गोल करतात, सगळे गोल सर्वांत चांगल्या आकड्यावर.

त्यातून आमची शिफारस तयार झाली. पुढचे करार होण्याआधी केंद्रांवर जाऊन जेवणाऱ्यांना त्यांच्या भाषेत तोंडी विचारावं, टेलिफोनवरच्या दुभाष्याची सोय वापरावी, आणि आलेली उत्तरं टिप्पणीत नमूद करावीत. मसुद्यावर आमची बैठक चांगलीच रंगली. ‘करावं’ की ‘करण्याचा विचार व्हावा’, यावर निवृत्त बसचालक अडून बसले. विचार करायला सांगितलं तर विचारच होईल, असं त्यांचं म्हणणं. ‘करावं’ राहिलं.

शिफारस बोर्डाच्या मुलं, ज्येष्ठ आणि कुटुंबं या विषयांच्या उपसमितीकडे गेली. बोर्डाच्या उपसमित्यांत सुपरवायझर दोनच असतात. तीन झाले तर पाचांत बहुमत झालं, म्हणजे तीच बोर्डाची बैठक झाली. इथे मात्र वेळ असतो. बोर्डात जे विषय काही सेकंदांत मंजूर होतात, त्यांच्यावरचे प्रश्न बऱ्याचदा आधी इथे विचारले गेलेले असतात. कुणाला खरोखर काही बदलायचं असेल तर त्याने गर्दीच्या मंगळवारची वाट न बघता उपसमितीत यावं, असं मी आता अनुभवाने सांगते.

काकू म्हणाल्या, “मी बोलू का तिथे? मराठीत?”

ब्राउन अ‍ॅक्टमध्ये याचीही तरतूद आहे. बोलायला वेळेची मर्यादा असेल आणि बोलणाऱ्याला दुभाष्या लागत असेल, तर त्याला किमान दुप्पट वेळ द्यावा लागतो. मी क्लार्कच्या कार्यालयाला आधी कळवून ठेवलं. मी स्वतः समितीची सदस्य, म्हणून दुभाषाचं काम काकूंच्या नातीने केलं. ती अकरावीत आहे. काकूंनी नऊवारी नव्हे, पण ठेवणीतली इरकल नेसली होती. बोलायच्या जागी दोघी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. समोर मिनिटं-सेकंदांची पाटी. क्लार्कने दुप्पट वेळ लावला आणि हाताने खूण केली.

काकूंनी आधी नमस्कार केला. मग म्हणाल्या, “मला घरी जेवायला काही कमी नाही. माझी सून चांगला स्वयंपाक करते. पण ती कामावर जाते, आणि एकटीसाठी ताट वाढून घ्यायचं माझ्या जिवावर येतं. मग मी चहा-बिस्किटावर भागवते. केंद्रावर आले की दोन पोळ्या खाते.” नात सांगत होती. तिचा आवाज थरथरत होता, पण तिने एक शब्द गाळला नाही. काकू पुढे म्हणाल्या, “तुम्ही आम्हाला विचारता ते चांगलंच आहे. पण इंग्रजीत विचारलं की आम्ही सगळ्याला गुड म्हणतो. आमच्या भाषेत विचारा, म्हणजे आम्ही खरं सांगू. खरं सांगितलं तर तुमचं अन्न वाया जाणार नाही.”

एका सुपरवायझरने पुढे वाकून नातीला विचारलं, आजींना काय पानात राहून जातं असं वाटतं? काकूंनी लगेच सांगितलं, “उकडलेली कोबी. कुणी खात नाही. त्याच कोबीची मोहरी-हळदीची फोडणी दिली तर एक कण उरणार नाही. फोडणीला मीठ लागत नाही.” आहारतज्ज्ञ बाई मागच्या रांगेत होत्या. त्या लिहून घेत होत्या.

उपसमितीने खात्याला सांगितलं की तोंडी विचारपूस करा आणि अहवाल घेऊन परत या. मधल्या काळात आमच्या समितीतले काही जण वेगवेगळ्या केंद्रांवर दुपारी जाऊन बसले, नुसतं ऐकायला, नियम पाळून. विचारपूस खात्याच्या माणसांनीच केली, फोनवर दुभाष्या ठेवून. आमच्या केंद्रावर मी लांबच्या टेबलावर होते. फोनच्या स्पीकरवरून मराठी ऐकू आलं तेव्हा पलीकडच्या एका आजोबांनी चमचा खाली ठेवला, खुर्ची ओढून जवळ नेली आणि भाताबद्दल जे बोलायला लागले ते थांबेनात. भात फडफडीत असतो, आमच्या दातांना मऊ भात हवा, एवढीच गोष्ट. ती त्यांनी आजवर कुणाला सांगितली नव्हती.

जूनमध्ये करारांचा विषय बोर्डासमोर आला. शनिवारी सकाळी मी विषयपत्रिका उघडली आणि थेट टिप्पणीकडे गेले. अधिकार द्यावेत, तारीख, खर्च, सगळं नेहमीसारखं. ज्येष्ठांवरच्या परिणामाच्या मथळ्याखाली मात्र एक नवीन परिच्छेद होता. जेवणाऱ्यांना त्यांच्या भाषेत विचारलं, त्यांनी मऊ भात आणि फोडणीच्या भाज्या मागितल्या, पुरवठादारांशी बोलताना ते लक्षात घेतलं जाईल. लोणच्याऐवजी लिंबाची फोड देण्याचाही उल्लेख होता.

मंगळवारी मी पुन्हा त्या सभागृहात होते. काकूही आल्या होत्या, या वेळी बोलायला नाही, बघायला. आमचा विषय कुणी बाहेर काढला नाही. क्लार्कने गठ्ठ्याचे क्रमांक वाचले, सूचना आली, अनुमोदन आलं, पाच मतं पडली. काकूंनी विचारलं, “झालं?” मी म्हटलं, झालं. त्यांना पटेना. मी फोनवर टिप्पणी उघडली आणि भाताचा तो परिच्छेद त्यांना हळू आवाजात मराठीत सांगितला. दोन रांगा पुढे आमच्या समितीचे बसचालक बसले होते. त्यांनी मागे वळून अंगठा दाखवला.

घरपोच डब्यांचा विषय आता आमच्या पुढच्या बैठकीच्या पत्रिकेवर आहे. जे केंद्रापर्यंत येऊ शकत नाहीत त्यांना कसं विचारायचं, हा प्रश्न मोठा आहे. दार उघडायलाच त्यांना वेळ लागतो, आणि डबा देणाऱ्याला पुढची घरं गाठायची असतात. निवृत्त परिचारिकाबाईंनी त्यावर एक पानाचं टिपण केलंय. ते ७२ तास आधी सगळ्यांना वाचायला मिळेल.